दुकानाच्या कार्डावर घरच्यांची यात्रा



हमालांच्या युनियनचा माणूस व्याख्यानास उभा राहिला म्हणजे तो किमान वेतनावर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलणार, अशी आपली समजूत असते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते. आज मी बोलणार आहे तो विषय मी शोधून काढलेला नाही. तो आमच्या कचेरीत आपण होऊन चालत आला.

झाले असे. आपल्याच गावातील एका कृषी सेवा केंद्राचे मालक एके संध्याकाळी आमच्याकडे आले. खताची गाडी उतरविण्याच्या मजुरीवरून त्यांचे आमचे दोनदा भांडण झालेले; परंतु भांडण मजुरीपुरते, बोलणेचालणे कायम. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही कागद वाचता म्हणून आलो. बँकेने दुकानाच्या नावावर कार्ड दिलंय. त्यावर एकेचाळीस हजार पॉइंट जमलेत. आईला काशीला न्यायचं म्हणतोय. आता हे पॉइंट खरे का खोटे, तेवढं सांगा."

माझी शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. हिशेब मी शिकलो तो बाजार समितीच्या आवारात, रिकामी पोती मोजताना आणि आडत्यांच्या पट्ट्या वाचताना. पट्टी वाचावयाची म्हणजे शेवटची रक्कम पाहावयाची नसते. मधल्या ओळी पाहावयाच्या असतात. हमाली किती, तोलाई किती, आडत किती, कडता किती. तोच धडा मी या कागदाला लावला. त्यातून जे हाती आले ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम पॉइंट म्हणजे काय ते पाहू. कार्ड देणारी बँक म्हणते, तुम्ही आमच्या कार्डावर शंभर रुपये खर्च केलेत की एक पॉइंट, किंवा दीडशेला दोन पॉइंट. प्रत्येक कार्डाचा दर निराळा. हे पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात रेल्वेचे तिकीट, विमानाचे तिकीट, हॉटेलातील मुक्काम किंवा एखादी वस्तू मिळते. काही कार्डांवर बिलातून तेवढी रक्कम वजाही होते. पण एक पॉइंट म्हणजे एक रुपया नव्हे. पुष्कळशा साध्या कार्डांवर त्याची किंमत वीस-पंचवीस पैशांच्या आसपास पडते. आमच्या मित्राच्या कार्डावर ती पंचवीस पैसे होती. एकेचाळीस हजार पॉइंट म्हणजे दहा हजार दोनशे पन्नास रुपये. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. काशीचे विमान त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेले. रेल्वे मात्र उभी होती.

बँक हे दहा हजार देते कोठून? बँकेने आजवर आपणास काही फुकट दिल्याचे स्मरत नाही. यासाठी कार्ड घासल्यावर काय होते ते पाहिले पाहिजे. समजा आपण एका दुकानात हजार रुपयांचा माल क्रेडिट कार्डावर घेतला. दुकानदाराच्या खात्यावर पूर्ण हजार जमा होत नाहीत. शेकडा दीड-दोन रुपयांच्या घरात कटौती होऊन बाकीचे जमा होतात. या कटौतीचे तीन वाटे पडतात. यंत्र देणाऱ्या बँकेचा एक, कार्डाचे जाळे चालविणाऱ्या कंपनीचा एक, आणि सर्वांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. पॉइंट येतात ते या तिसऱ्या वाट्यातून. आपल्या आजोबांच्या काळी सावकार हुंडी वटवताना हुंडणावळ कापीत असे. ही तीच हुंडणावळ आहे. एवढेच की आता तिच्यातला थोडा भाग सावकार गिऱ्हाइकाला परत देतो आणि त्याला बक्षीस म्हणतो.

याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. चहाच्या टपरीवर चौकोनी चित्रापुढे मोबाइल धरून बँकखात्यातून आपण जे पैसे देतो, त्यावर १ जानेवारी २०२० पासून सरकारने दुकानदाराकडून अशी कटौती घ्यावयाची नाही असे ठरविले. म्हणून त्या व्यवहारावर कार्डासारखे पॉइंट साठत नाहीत. क्वचित एखादे ॲप चार-दोन रुपयांचे आमिष दाखविते, ते जाहिरातीच्या खर्चातून. डेबिट कार्डाच्या कटौतीवर रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीपासून कमाल मर्यादा घातली. लहान दुकानदाराला शेकडा चाळीस पैसे, मोठ्याला नव्वद पैसे. तेथे बक्षिसे किरकोळ. क्रेडिट कार्डे या मर्यादेबाहेर ठेवली गेली. तेथे बक्षिसे भरपूर. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डावरचा बँकेचा वाटा शेकडा तीस सेंटांवर आणून बांधला. वाटा आटला तशी तिकडील कार्डांवरची बक्षिसेही आटली.

आता पुढचा प्रश्न. दुकानदार ही दीड-दोन टक्क्यांची झळ स्वतः सोसतो का? आपण व्यापारी मंडळी येथे बसलेली आहात, आपणच सांगा. तो ती किमतीत मिळवितो. किंमत तर सर्वांना एकच. म्हणजे कार्डवाला पंचवीस पैसे परत घेऊन जातो, आणि आठवड्याच्या मजुरीतून रोखीने तेलाची पिशवी घेणारी बाई त्यातला आपला हिस्सा भरून जाते, तिला पत्ताही नसतो. हे माझ्या लाल झेंड्याचे बोलणे समजू नका. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली हाच हिशेब मांडला होता. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तेथे रोखीने व्यवहार करणारे प्रत्येक कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकीत होते, आणि कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. आपल्याकडचा आकडा मी सांगू शकत नाही, पण नळ कोणत्या उताराने वाहतो ते सांगावयास आकडा लागत नाही.

दुसरा देणेकरी त्याहून दुर्दैवी. तो म्हणजे ज्याला महिनाअखेर बिल पुरते भरता येत नाही असा कार्डधारक. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ही बक्षिसाची युक्ती निघाली कशी, तेही मौजेचे आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला तो व्यापाऱ्यांच्या हॉटेलांच्या बिलांसाठी. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली आपले कार्ड काढले. पण प्रवासाच्या पॉइंटांची कल्पना विमान कंपन्यांची. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या उतारूंच्या नावावर मैल जमा करावयास सुरुवात केली. त्यातली मेख पाहा. कामानिमित्त वारंवार विमानाने जाणाऱ्या माणसाचे तिकीट त्याची कंपनी काढते; मैल मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होतात. पैसे मालकाचे, बक्षीस नोकराचे. मग तो नोकर शंभर रुपये स्वस्त असलेल्या दुसऱ्या विमानात कशाला बसेल?

आपण लांबच्या एस.टी.ने जाता तेव्हा गाडी कोणत्या हॉटेलापुढे थांबते ते आठवा. ड्रायव्हर-कंडक्टरांना तेथे जेवण फुकट असते आणि आपल्याला भजी दुप्पट दराने पडतात. मी त्या बंधूंना दोष देत नाही. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला गरम जेवण महामंडळानेच दिले पाहिजे, हे मी त्यांच्या सभेतही सांगितले आहे. पण हॉटेलवाला जेवण देतो ते गाडी कोठे थांबवावयाची हे त्यांच्या हाती असते म्हणून. अमेरिकेतल्या मैलांत आणि आपल्या महामार्गावरच्या भजीत तत्त्वाचा फरक मला तरी दिसला नाही.

आता व्यवहाराकडे येऊ, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दुकानाच्या नावाने कार्डे आलेली आहेत आणि सुटीत मुलांना कोठेतरी न्यावे असे कोणाला वाटत नाही? धंद्याचे कार्ड म्हणजे काय, हे रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सांगितले आहे. धंद्याच्या खर्चासाठी संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेले कार्ड, आणि त्या पैशाचा विनियोग कशासाठी होतो यावर बँकेने नजर ठेवावयाची. म्हणजे या कार्डावर घरचा फ्रिज घ्यावयाचा नाही. खर्च धंद्याचा, त्यातून उगवलेले पॉइंट घरच्या प्रवासाला, एवढाच आपला विषय आहे.

हिशेब आपण डोळ्यांसमोर मांडू. समजा एक दुकानदार महिन्याला दोन लाखांचा माल कार्डावर घेतो. वर्षाचे चोवीस लाख. शंभराला एक पॉइंट, म्हणजे चोवीस हजार पॉइंट. पंचवीस पैशांनी सहा हजार रुपये झाले. कार्डाची वार्षिक फी हजार रुपये धरली तर तीवर शेकडा अठरा जीएसटी, एकूण अकराशे ऐंशी. राहिले चार हजार आठशे वीस. ठीक आहे, चार माणसांचा रेल्वेचा प्रवास होईल.

पण मधल्या ओळी वाचा. खताचा किंवा बियाण्याचा वितरक रोखीने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठविणाऱ्याला, शेकडा एक-दोन रुपये रोखीची सूट देतो. कार्डावर ती सूट देत नाही. उलट कित्येक ठिकाणी यंत्राची कटौती गिऱ्हाइकाच्याच माथी मारतात. एक टक्का सूट गेली तर चोवीस लाखांवर चोवीस हजार रुपये गेले. सहा हजारांच्या यात्रेसाठी चोवीस हजार मोजणारा व्यापारी मी पाहिला आहे, आणि तो स्वतःला हुशार समजत होता.

याहून वाईट ते बिल थकविणे. एक महिना तंगी आली. पाऊस लांबला, शेतकऱ्यांची उधारी वसूल झाली नाही, आणि आपल्या जिल्ह्यात हे नवे नाही. बिलावर मोठे दोन लाख असतात आणि खाली लहान अक्षरांत 'किमान देय रक्कम' म्हणून दहा हजार असतात. माणूस म्हणतो, दहा भरू, बाकी पुढच्या महिन्यात. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाचे बेचाळीस. दोन लाखांवर महिन्याचे व्याज सात हजार, त्यावर अठरा टक्के कर बाराशे साठ. आठ हजार दोनशे साठ. दहा हजार भरून थोडे कमी होईल म्हणाल, तर व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बंद होते. वर्षभर जमविलेले सहा हजारांचे पॉइंट एका महिन्यात उडाले आणि वर देणे राहिले.

हे ऐकताना मला ऊसतोडीची उचल आठवते. भूम, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी कोयते निघतात. मुकादम पावसाळ्यात उचल देतो, आणि नवराबायको हंगामभर उसाच्या फडात ती फेडतात. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. बँकेची कार्डमर्यादा हीसुद्धा उचलच आहे. फरक इतका की पुरते फेडणाऱ्या दुकानदाराला उचलीवर बक्षीस मिळते, आणि कोयत्याला उचलीपायी मुलांची शाळा सोडवून न्यावे लागते. असो. हा विषय वेगळा आहे आणि त्यावर मी एक तास घेईन.

मग उपयोग आहे की नाही? आहे, परंतु अरुंद वाटेने. रोख आणि कार्ड यांचा भाव जेथे खरोखर एकच आहे अशाच खर्चासाठी कार्ड वापरावे. दुकानाचा टेलिफोन, विम्याचा हप्ता, कंपनीच्या साइटवरून मागविलेले सुटे भाग, माल आणावयास गेल्यावरचा लॉजचा मुक्काम. त्यातही आपल्या कार्डावर कोणत्या खर्चाला पॉइंट नाहीत हे आधी वाचावे. पेट्रोल-डिझेल, भाडे, सरकारी भरणा यांना पुष्कळ बँका पॉइंट देत नाहीत. बिलाची तारीख समजून घ्यावी. समजा दर महिन्याच्या ५ तारखेस बिल निघते आणि २५ तारखेस भरावयाचे आहे. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येईल आणि २५ जुलैला भरावी लागेल, म्हणजे एकोणपन्नास दिवस बिनव्याजी. तीच खरेदी ४ जूनला केली तर एकवीसच दिवस. लहान व्यापाऱ्याला ही मुदत पॉइंटांपेक्षा मोलाची आहे असे मला वाटते. बँकखात्यातून पूर्ण बिल आपोआप वळते करण्याची व्यवस्था करावी. किमान रकमेची नव्हे, पूर्ण बिलाची. पॉइंट किती महिन्यांनी बाद होतात ते विचारावे. आणि त्यांतून मिक्सर किंवा घड्याळ घेण्याच्या फंदात पडू नये; अशा वस्तूंत एका पॉइंटाची किंमत बहुधा तिकिटापेक्षा कमी धरलेली असते. आपल्याला विमान पकडावयाचे तर आधी जिल्ह्याबाहेर जावे लागते, तेव्हा विमानाचे मैल गोळा करण्यापेक्षा रेल्वेच्या तिकिटासाठी काढलेली जी कार्डे आहेत ती आपल्या अधिक उपयोगाची.

एक धोक्याची वाट गावात रूढ झाली आहे तिचाही उल्लेख केला पाहिजे. मित्राच्या यंत्रावर कार्ड घासावयाचे, दोन टक्के त्याला देऊन रोख घ्यावयाची, पॉइंट आपले. दोन रुपये देऊन पंचवीस पैसे घेण्याचा हा धंदा आहे, शिवाय माल न घेता मालाची पावती फाडणे ही लबाडी आहे. आणि एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज चालू होते आणि शुल्क वेगळे. कार्ड न घेणाऱ्या व्यापाऱ्याला मध्यस्थामार्फत कार्डाने पैसे पोहोचविण्याची एक पद्धत निघाली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने तीही थांबविली. कार्ड नको झाले तर बंद करावयास सांगावे. सर्व देणे फिटलेले असताना सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने आपणास द्यावयाचे, असे २०२२ च्या त्याच निर्देशांत आहे. आपल्यातील फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

आता मी मुख्य प्रश्नाकडे येतो. पॉइंट कोणाचे?

आमच्या कृषी केंद्रवाल्या मित्राने कागदाची दुसरी घडी उलगडली ती येथे. दुकान दोघा भावांचे, भागीदारीचे. कार्डावर नाव थोरल्याचे. धाकटा म्हणत होता, "दादा, माल मी उतरवून घेतो, उधारी मी वसूल करतो, आणि बिल दुकानाच्या खात्यातून जातं. मग पॉइंट तुझे एकट्याचे कसे?" थोरल्याचे म्हणणे, कार्डाची जबाबदारी माझी, बुडाले तर बँक माझ्या दारात येणार. दोघेही खोटे बोलत नव्हते. माझ्या मते धाकट्याचे पारडे जड होते. जो खर्च दुकानाच्या वहीत पडतो त्यातून परत आलेला पैसा दुकानाचाच. घाऊक व्यापाऱ्याने सूट म्हणून पाच पोती जादा दिली तर ती थोरल्याच्या घरी जात नाहीत, गोदामात जातात. पॉइंट ही तशीच सूट आहे; ती पोत्याच्या रूपात दिसत नाही म्हणून कोणाच्या खिशात गेली ते कळत नाही.

नोकरदारांच्या बाबतीत हा प्रश्न जगात गाजलेला आहे. जर्मनीत २००२ च्या जुलैत सरकारी कामाच्या विमानप्रवासाचे मैल खाजगी प्रवासाला वापरल्याचे उघड झाले तेव्हा ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्याच प्रकरणाच्या गदारोळात जेम ओझदेमिर हेही पायउतार झाले. गीझी हे तर डाव्या पक्षाचे पुढारी. आमच्यासारख्यांना ती बातमी अधिक टोचावी अशी. पुढे २००६ साली तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने निर्णय दिला की मालकाने पैसे दिलेल्या प्रवासाचे मैल मालकाचे. अमेरिकेने उलट केले. २००१ च्या डिसेंबरात कायदा करून सरकारी नोकरांना ते मैल स्वतःसाठी ठेवण्याची मुभा दिली. आपल्या केंद्र सरकारच्या अर्थमंत्रालयाने २०१७ च्या जुलैतील प्रवासभत्त्याच्या आदेशात स्पष्ट केले की सरकारी तिकिटावर मिळालेले पॉइंट खात्याच्या पुढील सरकारी प्रवासालाच वापरावयाचे. खाजगी प्रवासाला वापरले तर खात्यामार्फत कारवाई होईल.

मी कामगारांचा माणूस, तरी या बाबतीत मला जर्मन न्यायालयाचे पटते. मात्र त्यास मी एक पुस्ती जोडतो. पॉइंट संस्थेचे, हे ठरले. पण संस्था म्हणजे फक्त मालक नव्हे. दोन लाखांचा माल कार्डावर आला तो कोणाच्या तरी पाठीवरून गोदामात गेला. केंद्र सरकारच्या नोकराला १९५६ पासून रजा-प्रवास सवलत आहे. बायकामुलांसह गावी जाण्याचे भाडे सरकार देते. ती कोणाची कृपा नाही, नोकरीच्या शर्तीतली गोष्ट आहे. दुकानातल्या नोकराला, गोदामातल्या हमालाला असे काही नाही. एखाद्या पेढीने वर्षाचे पॉइंट नोकरांच्या कुटुंबांच्या सहलीला लावले तर पेढीचे रोख काहीच जात नाही. मालकांनो, आपल्याकडे मी पुढच्या करारात ही मागणी घेऊन येणार आहे, तेव्हा आजच कानावर घालून ठेवतो.

खर्चाच्या बाबतीत एक सांगून टाकतो. धंद्याच्या आणि घरच्या खर्चाची एकाच कार्डावर भेसळ करू नका. मालकाने नोकराच्या कार्डावरचा खाजगी खर्च भरला तर प्राप्तिकरात तो नोकराच्या पगाराच्या जोडीचा लाभ धरतात. आणि दुकानाच्या वहीत घरचा खर्च दाखविणे म्हणजे तपासणीच्या दिवशी घाम फोडून घेणे. आपल्या कर-सल्लागाराला पॉइंटांविषयीही विचारा. ती रक्कम वहीत कशी दाखवावयाची हे तो सांगेल.

दुसऱ्याचे घर झाडून झाले, आता माझे. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा जिल्हा मेळावा झाला. युनियनच्या नावाने कार्ड नाही. मंडप, जेवणाचा किराणा, छपाई, बाहेरगावच्या प्रतिनिधींची तिकिटे, असे पुष्कळसे बिल मी माझ्या स्वतःच्या कार्डावर दिले आणि नंतर युनियनकडून पावत्यांप्रमाणे पैसे घेतले. पैशापैशाचा हिशेब चोख. त्यावर जे पॉइंट जमले ते आणि माझे आधीचे मिळून मी सौभाग्यवतींना घेऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन आलो. तीस वर्षांच्या संसारात सभा आणि मोर्चा यांखेरीज आम्ही दोघे मिळून केलेला तो दुसरा प्रवास असेल. येताना ती म्हणाली, तुमच्या युनियनने पहिल्यांदा मला काही दिलं. मी हसलो. मनात काहीही आले नाही, हे मी आपणास प्रामाणिकपणे सांगतो.

वार्षिक सभेत एक तरुण हमाल उभा राहिला. त्याचा पोरगा बारावीला, मोबाइलवर सारे वाचणारा. त्याने शांतपणे विचारले, "काका, मेळाव्याच्या खर्चावर कार्डाचे पॉइंट मिळाले असतील. ते वहीत कुठं आहेत?" सभेत हशा पिकला. कोणी त्याला खाली बस म्हणाले. मी वही उलटीत राहिलो, जणू काही तेथे ती ओळ सापडणारच होती.

मी त्यावेळी उत्तर दिले ते चांगले नव्हते. म्हणालो, कार्ड माझे, जोखीम माझी. थोरल्या भावाचे म्हणणे तेच नव्हते काय? घरी येऊन रात्री कागद काढला, मेळाव्याच्या खर्चापुरते पॉइंट वेगळे मोजले. दोन हजार तीनशे साठ भरले. पंचवीस पैशांनी पाचशे नव्वद रुपये. रक्कम एवढीशी होती म्हणून अधिक लाज वाटली. दुसऱ्या दिवशी खजिनदाराकडे ते भरले आणि पावती घेतली. पुढच्या सभेत त्या मुलाच्या बापालाच हिशेब तपासनीस केले.

ते कृषी केंद्रवाले भाऊ मात्र गेल्या माघात काशीला जाऊन आले. आईला घेऊन दोघेही गेले, दोघांच्या बायकाही. पॉइंटांचे दहा हजार दुकानाच्या वहीत जमा दाखविले, तिकिटांचा वरचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा केला. सोलापूरपर्यंत एस.टी.ने गेले, २०२३ च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला त्याच्या आदल्या वर्षापासून पूर्ण माफ, त्यासाठी कोणते कार्ड घासावे लागले नाही. परत आल्यावर प्रसाद घेऊन कचेरीत आले होते. खताची गाडी त्याच दिवशी यावयाची होती. मजुरीचा दर अजून ठरलेला नव्हता, तेव्हा पेढा तोंडात ठेवूनच आम्ही बोलावयास बसलो.